बूथवरचे मास्तर

माझ्या बाळंतपणाला आई-बाबा पुण्याहून लंडनला, हाउन्सलोला आले, ते ऐन थंडीत. इराकमध्ये युद्धानंतरची पहिली निवडणूक तोंडावर आली होती. टीव्हीवर इथले मंत्री तिकडे लोकशाही रुजवण्याच्या गोष्टी करायचे आणि मी बाळाला मांडीवर घेऊन चिडायचे. उंटावरून शेळ्या हाकायला यांचं काय जातंय!

शेजारची बाई बगदादची. ती युद्धाच्या कितीतरी आधी इथे आलेली. धाकटा भाऊ मात्र तिकडेच शाळेत शिकवत होता. एका दुपारी ती बाळाला बघायला आली आणि बाबांपाशीच बसून राहिली. भावाला मतदान केंद्रावर काम करायला बोलावलं होतं. तिथे जाणाऱ्यांना मारून टाकू, अशा धमक्या येत होत्या.

"अंकल, तुम्हीही टीचर होता ना? तुम्ही काय केलं असतं?"

आपल्याकडे निवडणूक म्हटली की मास्तरांची ड्यूटी ठरलेली. आदल्या दिवशी पेट्या घेऊन गावात मुक्कामाला जायचं, शाळेच्या बाकांवर झोपायचं, सकाळपासून लोकांच्या बोटांना शाई लावायची, हे सगळं बाबांनी तिला रंगवून सांगितलं. त्यांच्या ड्यूटीतलं सगळ्यात मोठं संकट म्हणजे पिऊन आलेला एखादा मतदार. ते म्हणाले, "बेटा, मास्तरच नाही म्हणाले तर मतं घेणार कोण?"

तिने ते जसंच्या तसं भावाला फोनवर सांगितलं. तो ड्यूटीवर गेला. मतदान सुखरूप पार पडलं त्या संध्याकाळी ती खजूर घेऊन आली, बाबांच्या पाया पडायचीच काय ती बाकी होती. त्या दिवसापासून तो बाबांचा 'आपले मास्तर' झाला.

आई-बाबा परत गेले आणि थोड्याच दिवसांत शाळेच्या फाटकापाशी त्याला गोळ्या घातल्या. मी तिच्याकडे गेले. तिनेच माझा हात धरला.

"अंकलना सांगू नकोस. त्यांचा निरोप ऐकून तो फार खूश झाला होता."

मंत्र्यांवर चिडणारी मी, पण आम्हीही सोफ्यावर बसून तेच केलं होतं. त्याचं अजून वाईट वाटतं.

बाबा होते तोवर दर रविवारी फोनवर बाळाची चौकशी झाली की विचारायचे, "आणि आपले मास्तर कसे आहेत?"

"बरे आहेत, बाबा."

"पुढच्या निवडणुकीला पुन्हा ड्यूटी लागेल बघ त्यांना. डबा घरून न्या म्हणावं. तिथे जेवणाचे फार हाल होतात."