पक्की बाजू

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. अमिरातीतल्या रास अल खैमात दत्तारामइतका भित्रा माणूस शोधून सापडायचा नाही, आणि तो नेमका माझा पार्टनर. आम्ही फरशा बसवण्याची कंत्राटं घेतो. बसलेली फरशी ठोकून पाहायची. आवाज पोकळ आला की खाली सिमेंट पोचलेलं नाही, उखडा. भरीव आला की पक्की. आमचं सगळं शास्त्र एवढंच.

हल्ली तो खोकत होता. व्हिसा रिन्यूअलची मेडिकल तोंडावर आलेली, तिथे छातीचा एक्स-रे. डाग दिसला की परत पाठवतात, असं त्याने कुणाकडून तरी ऐकलेलं. डॉक्टरकडे जायलाही तयार होईना. "कॉम्प्युटरवर नाव चढलं की खलास! अंतराचं कॉलेज अर्धवट राहील रे."

अंतरा त्याची मुलगी, मेडिकलला आहे. तिनेच एकदा जेवताना सांगितलेलं, की अठराव्या शतकात एक्स-रे नव्हता, तेव्हा एका डॉक्टरने छातीवर बोटं ठोकून आतला रोग ओळखायची रीत काढली. उपचार काय, तर नस कापून रक्त काढायचं! दत्तारामने रक्ताचं सोडलं आणि ठोकण्याचं धरून ठेवलं.

गोदामाचं शटर ओढून त्याने शर्ट काढला. "ठोक, उपेंद्र. खरं काय ते सांग."

मी हसत हसत त्याच्या पाठीवर फरशीसारखं ठोकत गेलो. उजवीकडे खाली आवाज भरीव आला. "ही बाजू पक्की," म्हणत मी तिथे थोपटलंसुद्धा. डावी मात्र पोकळ वाजली. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. खरं सांगतो, माझंही.

इतका घाबरला, की घरी जाऊन, डावी बाजू पोकळ वाजते म्हणत, त्याने शर्ट काढून अंतरापुढेच पाठ केली. सोबतीला मी होतोच. तिने डावीकडे ठोकून पाहिलं. "नॉर्मल आहे, पप्पा! लंग्जमध्ये एअर असते. हॉलोच वाजणार ना!"

दत्ताराम लहान मुलासारखा हसला. त्याच्या बायकोने, कमलिनीवहिनींनी, देवाला हात जोडले.

"सुटलो! उजवी तर पक्कीच आहे, भरीव वाजते," तो म्हणाला.

अंतराचं हसू मावळलं. तिने उजवीकडे ठोकलं. बोटभर खाली सरकून पुन्हा ठोकलं. "पप्पा, शर्ट घाला. वी आर गोइंग टू इमर्जन्सी. नाऊ."

"अगं, पण व्हिसा..."

"पप्पा, आय थिंक तिथे पाणी भरलंय."

वहिनींनी शर्ट उचलून त्याच्या अंगावर चढवला. दत्ताराम बटणं लावायची विसरून माझ्याकडे बघत राहिला.

"उपेंद्र, तू तर पक्की म्हणालास."