निस्तेज सांधा

तारा जोडताना चांगला सांधा चकाकतो म्हणे. माझा प्रत्येक सांधा राखेसारखा निस्तेज होतो आणि फुगीर मणी होऊन बसतो. लांबून जोडलेला वाटतो, पण आत तार सुटीच असते.

अर्धांगवायूनंतर आईचा आवाज कुजबुजीइतकाच उरलाय. बाजारातल्या बेलचं बटण तिच्या बोटांना दाबवत नाही. म्हणून नुसतं बोट टेकलं तरी वाजेल अशी बेल मी घरीच करायला घेतली. धातू वितळवून तारा जोडायची सोल्डरिंग गन याआधी कधी हातात धरली नव्हती. बोटं भाजली, कितीदा सगळं काढून पुन्हा जोडलं. वितळलेलं सोल्डर थंड होईपर्यंत हात स्थिर ठेवायचा, एवढंच तर असतं. पण आत ती पाणी मागत असेल आणि मला ऐकू येत नसेल, ही धास्ती थेट बोटांत उतरते आणि तार हलते. धास्तीत जोडलेलं काहीच धरत नसावं.

आज तिच्या उशाशी बसून बेल लावून पाहिली. तिने बटणाऐवजी लावलेल्या पत्र्याच्या चकतीवर बोट टेकवलं. मग पुन्हा टेकवलं.

"वाजली का गं?" तिने विचारलं.

तिचं बोट चकतीवर असतानाच मी वैतागून तो निस्तेज सांधा अंगठ्याने दाबून धरला, आणि बेल खणखणीत वाजली.

कितीतरी दिवसांनी आई हसली. "आता जा तू," ती कुजबुजली. "निवांत आंघोळ करून ये. काही लागलं तर वाजवीन मी."

"जाते," मी म्हटलं, आणि अंगठा तसाच दाबून बसून राहिले.