शेजारच्या दोघांची हरकत

इंदापूरहून बारामतीला जाताना मोटारसायकल खड्ड्यात आपटली. साखळी तुटली, नंबरप्लेट आणि आरसा निखळला. दुपारी कॉलेजात माझा सेमिनार होता. काही कामे किती वेगवेगळ्या क्रमांनी करता येतात, यावरची गणितातली एक असमानता मांडायची होती. तिच्यात बरोबरी कधी येते, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या कधी होतात, तेच मला कळले नव्हते. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, विचारणार कुणाला?

रस्त्याकडेच्या मिस्त्रींनी साखळीसाठी चाक आणि कव्हरही काढले. ते प्रत्येक सुटा भाग पोत्यावर रांगेत मांडत आणि बसवण्याआधी त्याला एकदा बोट लावत. चाक बसले, साखळी बसली. मग नंबरप्लेट, साखळीचे कव्हर आणि आरसा उरला.

"काका, कव्हर आधी बसवलं तर?" मी भीतभीत विचारले.

"बसीव की. न्हायतर शेवटी बसीव. साखळी झाली, आता प्लेट न आरसा त्याला कुठं अडवत्यात? शेजारच्या दोघांची हरकत न्हाय, मग एक जागा मागं काय न पुढं काय, सारखंच. सगळ्या गाडीला कशाला इचारत बसतो?"

मी तर सगळी रांगच तपासत बसलो होतो. माझ्या असमानतेतली बरोबरीही त्या दोन शेजाऱ्यांपाशी होती: लगतची दोन कामे अडवत नसतील, तर मधले काम एक जागा मागे-पुढे नेऊनही क्रमांची संख्या तीच राहते.

सेमिनारच्या शेवटी सरांचे आभार मानले, मग म्हणालो, "आणि इंदापूर रस्त्यावरच्या मिस्त्रींचे." वर्ग हसला. नाव विचारायचे राहिले होते, म्हणून नावाच्या जागी मी फळ्यावर त्यांच्या पोत्याचे आणि त्यावरच्या भागांच्या रांगेचे चित्र काढून दाखवले.