चार नंबरच्या गाडीतली अनधिकृत प्रवासी

माझ्या आईला मी एकदा कागदोपत्री ‘अनधिकृत प्रवासी’ ठरवलं आहे, तेही तीन प्रतींत. एक प्रत ड्रायव्हरला, एक फाईलला, एक मालकांना. ती माझी आई आहे हे तेव्हा मला माहीत नव्हतं. पण माहीत असतं तरी मजकूर फारसा बदलला असता असं वाटत नाही. मी तसा माणूस आहे.

सुप्याच्या एमआयडीसीत आमची लहानशी कंपनी आहे. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर दूध थंड ठेवायच्या टाक्या असतात, त्या बंद पडल्या की आमचा मेकॅनिक जातो. त्यासाठी नऊ व्हॅन जिल्हाभर फिरतात. मी इथे स्टोअर सांभाळायला लागलो होतो. मग एका विमा एजंटाने मालकांना घाबरवलं की उद्या काही झालं तर पोलीस पहिला प्रश्न विचारतील, गाड्यांना जबाबदार कोण? मालकांनी खोलीभर नजर फिरवली. बाकीचे मोबाईलमध्ये बघत होते आणि माझ्या हातात पेन होतं. त्या दिवसापासून मी वाहन विभागाचा जबाबदार अधिकारी झालो. विभागात माझ्याशिवाय कोणी नाही.

मी हे काम फार मनावर घेतलं. फिटनेस, पीयूसी, विमा, परमिट, प्रत्येक ड्रायव्हरचं लायसन्स, सगळ्यांच्या तारखा मला तोंडपाठ असतात. बायकोच्या वाढदिवसाची तारीख मात्र ती मला आदल्या दिवशी सांगते. दर शनिवारी मी नऊ गाड्यांच्या टायरची नक्षी वाकून बघतो. ड्रायव्हर लोक माझ्यामागे हसतात हे मला ठाऊक आहे. रोज सकाळी ब्रेक, दिवे, हॉर्न तपासून खुणा करायची वही मी त्यांना दिली, तर दोघांनी पहिल्याच तारखेला अख्ख्या महिन्याच्या खुणा करून ठेवल्या. गाडीला दर शनिवारी नवं लिंबू-मिरची बांधायला ते कधी विसरत नाहीत. चार नंबरच्या ड्रायव्हरने तर आरशाला क्रॉस आणि बंपरला लिंबू-मिरची असा दोन्हीकडून बंदोबस्त केला होता.

माझा सगळ्यात कडक नियम एकच: गाडीत ड्रायव्हर आणि मेकॅनिक यांच्याशिवाय कोणी बसायचं नाही. ही मालवाहू गाडी आहे, फुकट बसलेल्या माणसाला विमा लागू होत नाही. हा नियम मी हौसेने केलेला नाही. आमच्या शेजारच्या शेडमधल्या एका टेम्पोने बाजाराहून परतणाऱ्या एका बाईला बसवून घेतलं होतं. टेम्पो उलटला, बाई गेली आणि विमा कंपनीने हात झटकले. तिचा नवरा पुढे कितीतरी दिवस त्या शेडच्या गेटवर येऊन उभा राहायचा. भांडायचा नाही, नुसता ‘साहेब हायेत का?’ म्हणून विचारायचा. समोरच्या टपरीवर चहा पिताना मी त्याला बघायचो आणि माझा चहा थंड व्हायचा. आमच्या गेटवर असा कोणी उभा राहू नये, एवढंच मला हवं होतं.

पण आमच्या भागात रिकामी गाडी चालली आहे आणि कोणी हात दाखवला, तर न थांबणं म्हणजे माज. पुढे त्याच गावात टाकी दुरुस्त करायला गेलं की पाणीसुद्धा कोणी विचारत नाही. त्यामुळे ड्रायव्हर थांबायचे आणि मी पकडलं की सांगायचे, साहेब, ती माझी मावशी होती. चार नंबरवाल्याच्या इतक्या मावशा निघाल्या की त्याच्या आजोबांची मला काळजी वाटली. शेवटी मी त्याला लेखी ताकीद दिली: पुन्हा आढळल्यास कामावरून कमी करण्यात येईल.

त्यानंतर सगळ्या गाड्यांना जीपीएस बसवलं. काही महिने सगळं सुतासारखं सरळ चाललं. मग एका महिन्याच्या रिपोर्टमध्ये मला दिसलं की चार नंबरची गाडी दर मंगळवारी सकाळी नेवाशाहून श्रीरामपूरला जाताना एका फाट्यावर थांबते, नऊ-दहा मिनिटं. मेकॅनिक श्रीरामपूरला बसतो, म्हणजे तोवर ड्रायव्हरच्या शेजारची जागा रिकामी. त्या फाट्यावर दूध केंद्र नाही, हॉटेल नाही, काहीच नाही. हे मला पक्कं माहीत होतं, कारण तो आमच्याच गावचा फाटा. मला फार राग आला. म्हटलं, काय हिंमत आहे, साहेबाच्या गावात जाऊन साहेबाचा नियम मोडतो!

त्याला सुप्याला बोलावून घेतलं. पन्नाशीचा, सडसडीत, कमी बोलणारा माणूस. टोपी हातात धरून उभा राहिला.

“मंगळवारी फाट्यावरनं कोणाला घेता?”

“एक म्हातारी हाय साहेब.”

“मावशी?”

“न्हाई. मावशी न्हाई ती.”

“मग कोण? नाव सांगा.”

“नाव न्हाई सांगता येनार. तिनं शपथ घातलीया.”

“शपथ? नोकरी जाईल तुमची, कळतंय का?”

“कळतंय की,” तो म्हणाला. “दोन पोरींची लग्नं व्हायचीत, मला न्हाई कळनार व्हय?”

मला वाटलं, नाटक आहे. मी तिथेच मेमो टाईप केला. ‘अनधिकृत प्रवासी (स्त्री, वय अंदाजे सत्तर) यांना वारंवार वाहनात बसवल्याचे निदर्शनास आले आहे. सात दिवसांत लेखी खुलासा न दिल्यास सेवा संपुष्टात आणण्यात येईल.’ वय मी अंदाजाने टाकलं, आणि माझा अंदाज दोन वर्षांनी चुकला.

खुलासा सहाव्या दिवशी आला. माझी एक शिस्त आहे, आलेल्या कागदावर आधी ‘आवक’ शिक्का मारायचा, नंबर टाकायचा आणि मग वाचायचा. त्याप्रमाणे शिक्का मारला, नंबर टाकला आणि वाचायला घेतलं. बहुतेक दोन मुलींपैकी एकीकडून लिहून घेतला होता, अक्षर वळणदार होतं.

‘सदर महिलेस शुगर असून उजव्या पायाच्या अंगठ्यास जखम आहे. दर मंगळवारी श्रीरामपूर येथे ड्रेसिंगला जावे लागते. ड्रेसिंग चुकल्यास अंगठा काढावा लागेल, असे डॉक्टर म्हणाले आहेत. एसटीची पायरी उंच असल्याने चढता येत नाही. तरी सदर महिला या साहेबांच्या मातोश्री आहेत. शपथ मोडली याबद्दल त्यांची व साहेबांची माफी मागतो. यापुढे वाहनात कोणासही बसवणार नाही.’

मी तो कागद तीनदा वाचला. आईला शुगर आहे हे मला माहीत होतं. जखमेचं मला माहीत नव्हतं. अंगठा काढावा लागेल हे माझ्या ड्रायव्हरला माहीत होतं आणि मला ते आवक क्रमांकासकट कळलं.

वडील गेल्यापासून आई गावी एकटी राहते. शेत वाट्याने दिलेलं आहे. सुप्याला चल म्हटलं तर म्हणते, तिथं नुसत्या कंपन्या, बोलायचं कुणाशी? त्या रविवारी मी गावी गेलो, तर ती ओट्यावर शेंगा फोडत बसली होती, पाय लुगड्याखाली घेऊन.

“पाय दाखव,” मी म्हणालो.

“कशाला? तुला काय कळतंय त्यातलं?” मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, “त्यानं सांगितलं व्हय? चांगलं मानूस म्हनून त्याला शपथ घातली हुती. आन तू त्याला कामावरून काढलंस तर बघ.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तू फोनवर इचारतोस, बरी हायेस ना. मी म्हनते, हाय. फुडं तू इचारलंस कधी काय?”

मी तिला विमा समजावून सांगायला लागलो. दुसरं काही सुचेना झालं की मी तेच करतो. गाडी उलटली तर तुझ्या जिवाची भरपाई विमा कंपनी देणार नाही, असं मी म्हणालो.

“मी मेल्यावर ती भरपाई कुनाला मिळनार हुती?”

“मला.”

“मग नुसकान तुझं व्हय. तुझं तू बघ,” असं म्हणून ती शेंगा फोडायला लागली.

सोमवारी मी मालकांना सगळं सांगितलं. ते मोठ्याने हसले. “अहो, तुमच्या आईला कसला नियम? विशेष परवानगीचं पत्र काढून टाका, मी सही करतो.” मला त्यांचा संताप आला. टेम्पोतली ती बाईसुद्धा कोणाची तरी आई होती, आणि विमा कंपनीला मालकांच्या सहीचं काय कौतुक? मी ते पत्र काढलं नाही. ड्रायव्हरचा खुलासा मात्र ‘समाधानकारक’ असा शेरा मारून फाईलला लावला आणि त्याची नोकरी राहिली. आजही माझं मत आहे की नियम बरोबर आहे.

आता प्रश्न उरला मंगळवारचा. मी सगळं कायदेशीर करायचं ठरवलं. गावातल्या एका रिक्षावाल्याला फोन केला, दर मंगळवारी आईला ने-आण कर म्हणालो, आणि सवयीने कागद विचारले. विमा संपून दोन वर्षं झाली होती. पीयूसी म्हणजे काय, असं त्यानेच मला विचारलं. दुसरा जीपवाला होता, त्याचं लायसन्स ‘घरी कुठंतरी हाय’ होतं. शोधता शोधता माझ्या लक्षात आलं की आमच्या गावावरून जाणाऱ्या रस्त्यावर सगळे कागद चोख असलेली, ब्रेक तपासलेली, टायरची नक्षी शाबूत असलेली एकच गाडी आहे, चार नंबरची, आणि तीत आईने बसायचं नाही.

मंगळवारी मी रजा टाकली, कित्येक वर्षांतली पहिली. सोमवारी संध्याकाळीच मुक्कामाला गेलो आणि सकाळी आईला मोटारसायकलवर मागे बसवून हळूहळू फाट्यावर आणलं. एवढ्याशा अंतरात खड्ड्यागणिक तिचा श्वास अडकत होता. पुढे श्रीरामपूरपर्यंत असं नेणं शक्यच नव्हतं. धरून एसटीतच चढवायचं ठरवलं, पण वेळ होऊन गेली तरी एसटीचा पत्ता नव्हता. ऊन चढायला लागलं. ती एका पायावर भार देऊन उभी होती, कारण खाली बसलं की उठता येत नाही. ‘दुखतंय का?’ असं मी दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा ती ‘न्हाई’ म्हणाली. या खेपेला मी पुढे विचारलं, “खरंच?” तिने पदराने कपाळावरचा घाम पुसला.

तेवढ्यात चार नंबरची गाडी आली. आम्हाला बघून थांबली. ड्रायव्हर खाली उतरला, टोपी काढून उभा राहिला.

माझ्या डोक्यात काय आलं मला सांगता येत नाही. मी पुढे होऊन गाडीचं दार उघडलं आणि म्हणालो, “बस, आई.”

“न्हाई.”

“अगं बस. मी सांगतोय ना. जबाबदारी माझी.”

“त्याची नोकरी जाईल,” ती म्हणाली. “तू आज म्हनशील बस, आन उद्या कागद काढशील. मी न्हाई बसायची.”

मी ड्रायव्हरकडे बघितलं. म्हटलं, तुम्ही तरी सांगा तिला. त्याने मान खाली घातली.

“साहेब, मी लिहून दिलंय,” तो म्हणाला. “आता परत न्हाई बसवनार कुनाला. तुमी सांगितलं तरी न्हाई.”

इतकी वर्षं मी नऊ ड्रायव्हरांना हा नियम पाळायला सांगत होतो. तो पहिल्यांदा मनापासून पाळला गेला, आणि तो मोडावा म्हणून मी दार धरून उभा होतो. उघड्या दारातून आतलं सीट दिसत होतं. त्याच्यावर कोणीतरी जुनी गोधडी चौघडी करून घातली होती, आणि खाली पाय ठेवायला एक लाकडी पाट होता.

मग एसटी आली. गर्दी होती आणि कंडक्टर घाई करत होता. मी आईला उजव्या दंडाला धरून वर चढवायला लागलो, तशी ती कळवळली.

“तसं न्हाई साहेब,” ड्रायव्हर धावत आला. “डावा पाय आधी वर. उजव्यावर जोर द्यायचा न्हाई. सरका तुमी जरा.”

मी सरकलो. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्याने तिच्या कोपराला खालून आधार दिला आणि ती दोन दमात वर चढली. किती ठिकाणी थांबायचं, कुठे जोर द्यायचा, दोघांना सगळं पाठ होतं. मी तिची पिशवी घेऊन मागून चढलो.

एका बाईने उठून तिला खिडकीशी जागा दिली. मी शेजारी दांडा धरून उभा राहिलो. फाटा सुटल्यावर थोड्या वेळाने चार नंबरची गाडी आमच्या बाजूने पुढे निघून गेली. नियमात बसणाऱ्या वेगात होती, नियमाप्रमाणे एकटा ड्रायव्हर आत होता.

“तुझी गाडी रिकामीच चालली बघ,” आई म्हणाली. टोमणा नव्हता तो, ती नुसती दिसलेलं सांगत होती.

मी ‘हो’ म्हणालो. मला इतकी लाज वाटली की श्रीरामपूर येईपर्यंत मी तिच्या पायाकडेच बघत उभा होतो.