वास नसलेलं औषध

आमचे हे घाटावर पौरोहित्य करतात. म्हणजे पहाटेपासून मांडी घालून बसायचं. यजमान बदलतात, मांडी तीच. यंदा उजवा गुडघा सुजला. डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहून बजावलं, "किडनीवर ताण दिसतोय. दुखण्याच्या गोळ्या पोटात अजिबात नकोत. शेक घ्या, हा बाम लावा. दुसरं काही घेण्याआधी मला विचारा."

बाम आणला. यांनी झाकण उघडलं आणि नाक मुरडलं.

"हा लावून बसलो तर धूप-कापूर सगळं हरलं. अख्ख्या घाटाला कळेल गुरुजींचे गुडघे गेले. मग यजमान माझ्याकडे कशाला येतील?"

हट्टापुढे कोणाचं चालतं? मी मेडिकलमध्ये जाऊन वास नसलेलं काही आहे का विचारलं. दुकानदारानं जेल, स्प्रे, चिकटवायच्या पट्ट्या काउंटरवर मांडल्या. साडीचा पोत बघावा तशी मी एकेकाचा वास घेत होते. मग चष्मा पुसून मागची बारीक अक्षरं वाचायची, किडनीचा उल्लेख दिसला की खाली ठेवायचं. शेवटी भीतीपोटी काहीच न घेता घरी आले.

पुढच्या आठवड्यात एकदा हे जेवून पाटावरून उठले, तेही भिंत न धरता. आणि मला घाम फुटला. बामचं झाकण तर तसंच घट्ट होतं, शेकायची पिशवी कोरडी. मग दुखणं गेलं कुठे? नजर पायांकडे गेली. दोन्ही पावलं फुगलेली, वहाणेच्या पट्ट्याचे वळ उठलेले.

"काय घेताय?"

"गोळी," हे देव्हाऱ्याकडे बघत म्हणाले. "तिला वास नसतो."

माझा तोल गेला. "गुडघा गेला तर खुर्चीवर बसून पूजा सांगाल. किडनी गेली तर काय कराल?"

यांनी पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढून दिलं. दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठला. रिपोर्ट आणखी बिघडला होता. "आता गोळी बंद. आठवड्यानं पुन्हा तपासू, मग बघू," डॉक्टर म्हणाले. त्या 'बघू'वर मी तो आठवडा कसा काढला ते माझं मला माहीत. देवाला काय काय कबूल केलं, ते यांना अजून सांगितलेलं नाही.

पुढच्या रिपोर्टात किडनीचा आकडा थोडा खाली आला. पूर्ण उतरेल की नाही, कोणी सांगत नाही. आता हे बाम लावून घाटावर जातात. यजमानांपैकी काहीजण नाकाला रुमाल लावतात म्हणे. लावोत.

मी मात्र अजून पहाटे अंथरुणात जागी पडून कान देते. हे उठतात, भिंत धरतात, "आई गं" म्हणून कण्हतात. ते ऐकलं की माझा जीव भांड्यात पडतो, आणि मी चहा टाकायला उठते.