चुडीवालीच्या टोपलीतून गेलेली मांजरे

लग्न होऊन मी कामरगावला आले तेव्हा आमच्या घरातल्या कापसाच्या खोलीला दिवसभर बाहेरून कडी असे आणि आतून मांजरे ओरडत. ती गावची मांजरे नव्हती. माझ्या थोरल्या दिरांनी, ज्यांना आमच्याकडे भासरे म्हणतात, हैदराबादेहून एक इराणी जोडी आणवली होती. पांढरीशुभ्र, लांब केसांची, चपट्या नाकाची. दौऱ्यावर येणाऱ्या साहेबांच्या मडमांना पिल्ले भेट देता यावीत, एवढ्यासाठीच ती पाळली होती. साहेब यायचा असला की एखादे पिल्लू धुऊन, गळ्यात फीत बांधून बाहेर निघे. उरलेल्यांपुढे गडी पाणचट ताक आणि शिळ्या भाकरीचे तुकडे सरकवून पुन्हा कडी लावी. बोका पहिल्याच उन्हाळ्यात मेला होता. वैशाखात टिनाच्या छपराखाली ती सगळी तोंड उघडून धापा टाकत. केसांत सरकी आणि घाण अडकून गठ्ठे झाले होते आणि गठ्ठ्यांखालची कातडी लाल, ओली असे.

म्हशीसाठी सरकी काढायला दुपारी मला त्या खोलीत जावे लागे, म्हणून मला हे ठाऊक. परंतु सांगणार कोणाला? भासऱ्यांसमोर सुनेने जायचे नाही, त्यांच्याशी बोलायचे नाही, त्यांच्या वहाणा वाजल्या की आत व्हायचे, अशी रीत होती. यजमान नागपुरास वकिलीचा अभ्यास करीत. सुटीत आले तरी थोरल्या भावापुढे त्यांची मान वर होत नसे. अमरावतीच्या शाळेत उत्तर येत असूनही मी कधी हात वर केला नव्हता. इथे तर हात वर करावा अशी जागाच नव्हती.

बाहेरचे म्हणून मधल्या घरापर्यंत येणारे माणूस एकच, आमची चुडीवाली मावशी. ती बांगड्या भरायला बसली की पुरुष त्या दाराकडे फिरकत नसत. एकदा सरकी काढून येताना माझ्याकडून खोलीची कडी लावायची राहिली, आणि मी तिच्यापुढे हात धरून बसले असता एक पिल्लू माझ्या मागोमाग आले आणि सरळ तिच्या टोपलीत शिरले.

“या अल्ला! हे मांजर हाय का पिंजलेला कापूस?” तिने ते उचलले. तिचा चेहरा बदलला. “नुसत्या हड्ड्या हायेत वं याच्या.”

“मरून जाईल ते, मावशी.” त्या घरात मी स्वतःहून बोललेले ते बहुधा पहिलेच वाक्य असावे.

“आमच्यात मांजराले उपाशी मारनं गुनाह हाय. राहू दे टोपलीत.”

“कोणी पाहिलं तर?”

“बायकाइच्या बांगड्याइवरचं फडकं उचलाची कोन्या मर्दाची हिंमत हाय?” ती हसली आणि पिल्लू गेले.

अडचण अशी की बांगड्या वाढल्याशिवाय चुडीवालीला बोलावणे जात नसे. आमच्याकडे बांगडी फुटली असेही म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. आणि सवाष्णीने ती मुद्दाम फोडणे म्हणजे नवऱ्याच्या आयुष्यावर उठणे. हे मला शाळेत कोणी शिकवले नव्हते, तरी ते माझ्या हाडात होते. पुढच्या वेळी मी जात्याच्या खुंट्यावर मनगट आपटले तेव्हा डोळे मिटून घेतले होते. मावशी आली, दुसरे पिल्लू गेले. काही आठवड्यांनी तिसरे, शेवटचे.

मावशी बातम्या आणी. एक पिल्लू एका शिंप्याच्या मशीनखाली निजत असे. शिंप्याने मेंढी कातरावी तसे पिल्लाचे केस कातरले होते. “आता उंदरावानी दिसते, पन दूध पेऊन राह्यलं.” एक कुणब्याच्या घरून परत आले होते. “ती बाई मले म्हने, तुह्या मांजरानं उंदीर पाह्यला अन् माह्या मांडीवर चढलं! मंग मीच ठेवून घेतलं.”

भासऱ्यांनी चौकशी केली ती एकदाच, गड्याकडे, ओसरीवरूनच. “रानबोक्यानं नेले असतीन,” गडी म्हणाला. खोलीत कोणी डोकावले नाही.

डोकावल्या त्या सासूबाई, आणि तेही माझ्या मनगटांकडे.

“सूनबाई, तुह्या बांगड्या काहून अशा वाढून राह्यल्या? तिकडं माह्या लेकाचं बरं हाय ना?”

मी हात पदराखाली घेतले. त्यांनी मारुतीला नवस केला, शनिवार धरले, लेकाच्या काळजीने त्यांचा घास खाली उतरेना. मग त्यांनी मावशीकडून मला जाड, घट्ट बांगड्या भरवल्या. साबण लावून, हात दाबून. “आता पोळ्यापर्यंत हिनं जड कामाले हात लावाचा नाही.” सरकी काढण्याचे काम गड्याकडे गेले. खोलीत पिल्लांची आई एकटी उरली होती. आधी तिचे ओरडणे स्वयंपाकघरापर्यंत येई. मग ते बारीक झाले. मग मला कान देऊन ऐकावे लागू लागले.

एका सकाळी काहीच ऐकू आले नाही. सासूबाई समोर तांदूळ निवडत होत्या. मी उठले आणि दोन्ही मनगटे खांबावर आपटली.

“अवं रांडे! काय करून राह्यली हे?”

“मांजरीसाठी,” मी म्हणाले. मनगटातून रक्त येत होते. “ती मरेल. मावशीला बोलवा, नाहीतर नव्या भरल्या तरी मी पुन्हा फोडीन.”

त्यांची नजर काचांवरून हटेना. माझ्या बोलण्यापेक्षा त्या काचांची त्यांना भीती वाटत असावी. “घेऊन जाय म्हना तिले ते मांजर,” त्या म्हणाल्या. “माह्या लेकाचं आयुष्य राहू दे.”

मावशी आली, पण मांजर टोपलीत मावेना इतकी मोठी होती. डोळे चिकटलेले, पण श्वास चालू होता. मावशीने तिला जुन्या लुगड्यात गुंडाळून काखेत घेतले आणि सासूबाई पुढे चालत ओसरीवरून तिला दारापर्यंत घेऊन गेल्या.

“हे काय हाय?” भासऱ्यांचा आवाज आला.

“माह्या सांगन्यानं जाऊन राह्यलं.”

आईला पुढे पाहून ते वाटेतून बाजूला झाले.

त्या दिवसापासून चुडीवालीला आमचे दार बंद झाले. सासूबाई कारंज्याच्या बाजारातून मापाच्या बांगड्या आणून स्वतः माझ्या हातात भरू लागल्या; फार जपून, एकेक. माझ्याशी त्या वाईट वागल्या नाहीत. मांजर जगली की नाही, एवढे मला विचारायचे होते. पण ते सांगू शकेल असे एकही माणूस आता घरात येत नव्हते.