सांगेल त्याला चहा

डहाणूजवळच्या आगर गावात आमच्या शेजारी राहणाऱ्या राऊतकाकांचं घारींशी उभं वैर होतं. काकींनी गच्चीवर बोंबील वाळत घातले की वर घारी घिरट्या घालू लागायच्या, आणि काका जेवणावरून उठून, रिकाम्या परातीवर उलथनं बडवत गच्चीकडे धावायचे. काकी खालून ओरडायच्या, "अहो, इथे एसटीशिवाय काही उतरत नाही! कोणाला धडकणार आहेत त्या?" काका परात बडवतच राहायचे. घारी पांगल्या की खाली यायचे आणि थंड झालेला भात मुकाट्याने संपवायचे.

त्यांचा सगळा जन्म हवाई दलाच्या तळांवर गेला. आधी विमानांची दुरुस्ती, मग धावपट्टीची सुरक्षा. तळाच्या कुंपणापलीकडे कोणी मटणाच्या दुकानाची घाण टाकली तरी यांची झोप उडायची, कारण घाण आली की घार आली. "घार दिसायला केवढीशी," ते मला सांगायचे, "पण इंजिनात शिरली की विमान खलास." वॉरंट ऑफिसर होऊन निवृत्त झाले आणि वडिलोपार्जित चिकूच्या वाडीत येऊन राहिले. पण राहिले म्हणजे काय, नुसतं अंगाने. जीव तिकडेच, धावपट्टीवर.

वरच्या घारी सोडल्या तर त्यांची नजर सदा जमिनीवर. रस्त्यात खिळा दिसला की वाकले, तारेचा तुकडा दिसला की वाकले. वर घारी आणि खाली खिळे, मधल्या माणसांकडे त्यांचं लक्ष अंमळ कमीच असायचं. एकदा मी नवी साडी नेसून समोर उभी राहिले तर म्हणाले, "सुनंदा, तुझ्या चपलेत पिन रुतलीय." साडीचं नावही नाही.

गावातल्या क्रिकेटच्या सामन्यांआधी तर ते सगळ्यांना वेठीला धरायचे. खेळणारे, बघणारे, वडापाववाला, सगळ्यांनी मैदानाच्या एका टोकाला खांद्याला खांदा लावून उभं राहायचं आणि माना खाली घालून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं. काच, दगड, बाटलीचं झाकण, जे दिसेल ते उचलायचं. तळावर रोज सकाळी साहेबापासून शिपायापर्यंत सगळे असेच धावपट्टी वेचतात म्हणे. पोरं मागून हसायची. काका रांगेच्या मधोमध, हात पाठीमागे बांधून. "पहले रनवे, फिर उडान," हे त्यांचं पालुपद.

वाडीतल्या खोपटात त्यांनी प्लायवूडची एक मोठी फळी ठोकली होती. त्यावर प्रत्येक हत्याराची पांढऱ्या रंगात बाह्याकृती काढलेली: हातोडीच्या जागी हातोडीची, करवतीच्या जागी करवतीची. हत्यार जागेवर नसलं की पांढरी रेघ नुसतीच दिसायची. तळावर म्हणे फळीवरची एक जागा जरी रिकामी असली तरी विमान उडत नाही, मग त्या विमानाची वाट बघत कोणीही थांबलेलं असो. स्वयंपाकघरातही अशी फळी लावायचा विचार त्यांनी एकदा बोलून दाखवला. काकी म्हणाल्या, "माझ्या भिंतीवर रेघा मारायला आलात तर लाटण्याची जागा तुमच्या डोक्यावर काढीन." तो विषय तिथेच मिटला.

हत्यार मागायला गेलं की देताना हात आखडता नसायचा, फक्त एक अट असायची. "हरवलं तर येऊन सांग. सांगेल त्याला चहा." आणि खरंच, हरवल्याचं सांगायला गेलेल्या माणसाला ते ओट्यावर बसवून चहा पाजायचे. मला हा त्यांचा विक्षिप्तपणा वाटायचा. वस्तू हरवणाऱ्याला चहा कसला पाजायचा?

एका पावसाळ्यात तलासरीकडच्या एका पाड्याला पुराने वेढलं. माणसं छपरांवर चढून बसली होती. मी तालुक्याच्या कचेरीत कामाला. हवाई दलाचं हेलिकॉप्टर येणार असा निरोप आला आणि आमच्या साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं, कारण ते उतरवायचं कसं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मी काकांचं नाव सुचवलं. कचेरीचा ड्रायव्हर महेश जीप घेऊन आगरला गेला आणि काकांना घेऊन आला. इस्त्रीचा शर्ट, खिशात शिट्टी, हातात पक्कड. इतका खूष माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

हेलिकॉप्टर तलासरीच्या ज्या मैदानावर उतरणार होतं तिथे पाऊल ठेवल्यापासून काकांना क्षणाची उसंत नव्हती. जुन्या फलकांच्या तारा पकडीने तोडल्या, मंडपाचं कापड गुंडाळायला लावलं, सुटे पत्रे दूर नेऊन त्यांवर दगड ठेवायला लावले. साहेबांनी पाहुण्यांसाठी गालिचा अंथरला होता, तोही उचलायला लावला. "साहेब, पंख्याच्या वाऱ्याने हा उडून वर गेला तर पाहुण्यांसाठी फक्त हारच उरेल." मग आम्हा सगळ्यांना रांगेत उभं करून चिखलातून चालवलं. साहेबही चालले.

हेलिकॉप्टर आलं. पहिल्या खेपेला बायका-मुलं आणि एक म्हातारी. काका वाकून पंख्याखाली गेले, म्हातारीला उचलून घेऊन आले. वैमानिक पुन्हा निघणार, पाड्यावर अजून पुरुष माणसं होती. आणि काकांनी खिसा चाचपला. एक खिसा, दुसरा खिसा. मग हा वयस्कर माणूस धावत हेलिकॉप्टरसमोर गेला आणि दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरून उभा राहिला. थांबा.

पंखा मंदावला. काका ओरडून सांगत होते, "माझी पक्कड सापडत नाही. म्हातारीला उतरवताना आत पडली असेल!"

साहेबांचा चेहरा पडला. आत्ताच उतरलेली एक बाई उठून काकांच्या अंगावर गेली. "माझा माणूस तिकडं छपरावर हाय! पाणी चढतंय! तुझी पक्कड मोठी का माझा माणूस?" काका तिच्याकडे बघेनात. हात तसेच वर. मलाही त्यांचा भयंकर राग आला, खोटं कशाला सांगू. बाजारात मिळणाऱ्या पकडीसाठी हा माणूस एका बाईचं कुंकू पणाला लावतोय, असंच वाटलं. हवाई दलाची दोन माणसं आत गुडघ्यांवर बसून शोधत होती, बाई रडत होती, आणि आभाळ पुन्हा भरून येत होतं.

एवढ्यात जीपजवळून महेशचा आवाज आला. आवाज कसला, कुईकुईच. "काका... पक्कड माझ्याकडं आहे. बॅटरीची वायर सैल झालेली म्हणून बॉनेटवरून उचलली. सांगायचं राहिलं."

साहेब हात उगारून त्याच्याकडे निघाले. काकांनी हात खाली घेतले आणि तीरासारखे दोघांच्या मध्ये जाऊन उभे राहिले. "नाही साहेब. आवाजसुद्धा चढवायचा नाही. त्याने सांगितलंय." महेशच्या हातातली पक्कड घेऊन त्यांनी ती उंच धरली, वैमानिकाला दिसेल अशी. वैमानिक तरुण होता. तो चिडला असता तर मला नवल वाटलं नसतं. पण त्याने काचेआडून काकांना कडक सलाम ठोकला आणि पंखा पुन्हा वेग घेऊ लागला.

दुसऱ्या खेपेला त्या बाईचा नवरा आला, भिजलेला, पण धडधाकट. बाई त्याला बिलगली. काकांकडे तिने वळूनही पाहिलं नाही. काका महेशला टपरीवर घेऊन गेले आणि त्याला चहा पाजला.

डहाणूभर मात्र एकच गोष्ट झाली: राऊतांनी पकडीपायी हेलिकॉप्टर अडवलं. बाजारात लोक त्यांना बघून डोक्यावर हातांची फुली करायचे. कचेरीने त्यांना पुन्हा कधी बोलावलं नाही. पुढच्या पावसाळ्यात ते रोज फाटकाशी येऊन मला विचारायचे, "काही निरोप?" मी नाही म्हटलं की घारींकडे बघत उभे राहायचे.

शेवटी मीच एका दुपारी चिडून विचारलं, "काका, तो माणूस वाहून गेला असता तर?"

"तर मी जन्मभर तोंड दाखवलं नसतं," ते म्हणाले. मग बराच वेळ परातीवर उलथन्याने उगाच टकटक करत राहिले. "मी पूर्वी फार ओरडायचो, सुनंदा. माझा आवाज आला की मेकॅनिक चळाचळा कापायचे. मला त्याचा अभिमान होता. एकदा एका नवीन मेकॅनिकचा स्क्रू ड्रायव्हर हरवला. मला सांगायला घाबरला. फळीवर त्याने दुसराच आणून लावला. विमान उडालं, हरवलेला वैमानिकाच्या पायांपाशी पेडलमध्ये अडकला आणि विमान कोसळलं." त्यांनी उलथनं खाली ठेवलं. "तो वैमानिक सकाळी मला म्हणाला होता, राऊत, आज संध्याकाळी बॅडमिंटन. चौकशीत दोष त्या मेकॅनिकला लागला. माझ्या आवाजाची चौकशी कोणी केलीच नाही."

महेश बोलला तेव्हा या माणसाला काय मिळालं असेल, ते त्या दिवशी कळलं. मला रडू आलं, आणि ते बघून काका आणखी अस्वस्थ होऊन घारी हाकायला उठले.

गेल्या वर्षी काका गेले, झोपेतच. ज्याने उभ्या जन्मात स्वस्थ बसून चहा प्यायला नाही, तो इतक्या शांतपणे गेला याचं काकींना फार नवल वाटत होतं. बाराव्याला वाडीत मंडप घातला होता. महेश आता आमच्यातलाच, मंडपाच्या तारा त्यानेच पिळल्या. माणसं जेवून उठत होती, तेवढ्यात तो अंगणाच्या मधोमध येऊन उभा राहिला. चेहरा पांढराफटक.

"काकी, फळीवरची पक्कड माझ्याकडून हरवली."

काकांचे भाऊ वैतागले. "अरे, आजच्या दिवशी हे काय? उद्या दुसरी आणू."

काकी उठल्या. महेशसमोर जाऊन उभ्या राहिल्या. फळीच्या नावाने आयुष्यभर नाक मुरडलेली ती बाई म्हणाली, "सांगितलंस ना? मग बस. चहा घे."

मग पदर खोचून त्या अंगणात उतरल्या आणि वाडीच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. "चला," त्या आम्हाला म्हणाल्या, "रांगेत या." कोणीही हसलं नाही. भाऊ आले, पाहुणे आले, आचारी आला, अर्धा कप टाकून महेश आला. खांद्याला खांदा लावून, माना खाली घालून आम्ही सगळे चिकूच्या झाडांखालून चालू लागलो.